चवबाईची जीभ

कंपनीत तिला कोणी नावानं हाक मारत नसे. सगळे चवबाई म्हणत, आणि तिलाही ते मनापासून आवडायचं. कंपनी जेवणाची पावडर बनवायची. दोन चमचे पाण्यात घाला, बाटली खळखळून हलवा, पिऊन टाका, झालं जेवण. पुन्हा कामाला लागायला तुम्ही मोकळे. ही पावडर बाजारात जाण्याआधी चाखून बघणारी माणसांची एक छोटी टोळी होती, आणि त्या टोळीत चवबाईच्या जिभेचा दरारा होता. एकदा तिनं एक घोट घेऊन, "आज पाण्याची टाकी धुतली का?" असं सहज विचारलं, आणि टाकी खरंच धुतलेली निघाली. तेव्हापासून ढवळ्या तिला वचकून असे.

ढवळ्या म्हणजे प्रयोगशाळेतला तंत्रज्ञ. दिवसभर काही ना काही ढवळत असायचा म्हणून ढवळ्या. चांगला शिकलेला, हुशार, आणि शिस्तीचा इतका भोक्ता की स्वतःच्या चहातली साखरही वजन करून घालायचा. नमुने तयार करायचे आणि ते टोळीपुढे ठेवायचे, हे त्याचं काम. या सगळ्यांवर होत्या मॅडम. त्यांना हसताना कोणी पाहिलं नव्हतं, पण त्या वाईट नव्हत्या. त्यांना वेळ नव्हता, एवढंच.

चाखायची रीत अशी. प्रत्येकानं आपापल्या कप्प्यात जाऊन बसायचं. कप्पा म्हणजे तीन बाजूंना भिंती आणि समोर एक झडपेची खिडकी. वर लाल दिवा, म्हणजे रंगावरून कोणाला काही ताडता येऊ नये. खिडकीतून ट्रे आत येई आणि ट्रेमध्ये तीन पेले असत. दोन पेल्यांत एकच माल, तिसऱ्यात वेगळा. तो वेगळा पेला ओळखायचा आणि त्याचं बटण दाबायचं. ओळखू आला नाही तरी अंदाजानं एक बटण दाबायचंच, असा सक्त नियम होता. 'मला कळलं नाही' असं बटणच तिथे नव्हतं.

तर या कप्प्यात बसून आपल्या चवबाई लागोपाठ दोनदा चुकल्या.

पहिल्यांदा तिला वाटलं, सर्दी असेल. दुसऱ्यांदा मात्र तीन पेले पिऊन तिच्या जिभेवर काहीही उमटलं नाही. कोमट, घट्टसर, काहीतरी ओलं, बस. मॅडमनी तिला बोलावून शांतपणे सांगितलं, "नियम तुम्हाला माहीत आहे. तिसऱ्यांदा चूक झाली तर टोळीतून नाव कमी. तक्रार विभागात जागा आहे, तिकडे पाठवू."

तक्रार विभागात काय, माणसंच बसतात. कानाला फोन लावायचा आणि 'पावडरच्या गुठळ्या होतात हो' हे दिवसभर ऐकायचं. ते कामही कोणीतरी करायलाच हवं. पण चवबाईला लहानपणापासून एकच गोष्ट इतरांपेक्षा चांगली यायची. ती गणितात बेताची, गाण्यात बेसूर, आणि पळण्यात कायम शेवटची. घरात दूध नासायच्या आदल्या दिवशी सांगणारी मात्र तीच. आता तेवढी एक गोष्टही हातची जाणार म्हटल्यावर तिची झोप उडाली, आणि तिनं ही गोष्ट कोणालाच सांगितली नाही, नवऱ्यालासुद्धा.

ती गुपचूप डॉक्टरकडे जाऊन आली. नाक ठीक, घसा ठीक. रक्ताचा रिपोर्ट आला तो बघून डॉक्टरबाई इतक्या खूश झाल्या की विचारू नका. लोह जागच्या जागी, जीवनसत्त्वं जागच्या जागी, साखर आटोक्यात. "अहो, असा रिपोर्ट मी भिंतीवर लावला असता! खाता तरी काय तुम्ही?" त्यांनी विचारलं.

चवबाईनं खरं ते सांगितलं. ती पावडर खात होती. म्हणजे पीत होती.

कामाचा रेटा वाढला त्या दिवसांत हे सुरू झालं होतं. ती सकाळी धावतपळत निघायची, संध्याकाळी थकूनभागून परतायची. नवरा दंतवैद्य, त्याचाही दवाखाना उशिरापर्यंत चालायचा. स्वयंपाक कोण करणार? पावडर घरात होतीच. सुरुवातीला सकाळची न्याहारी पावडरवर गेली, मग दुपारचं जेवण गेलं आणि हळूहळू रात्रीचंही. दोघं स्वयंपाकघराच्या ओट्याला टेकून उभ्यानं आपापली बाटली संपवत, एका हातात बाटली, दुसऱ्या हातात फोन. जेवणाच्या टेबलावर इस्त्रीचे कपडे, तिचा लॅपटॉप आणि नवऱ्यानं आणलेला प्लॅस्टिकचा एक भलामोठा जबडा कायमचे मुक्कामाला आले होते. आता यात पावडरचा दोष किती आणि धावपळीचा किती, हे सांगणारे विद्वान पुष्कळ आहेत, त्यांनी खुशाल भांडत बसावं. रिपोर्ट उत्तम होता आणि बाई कोमेजली होती. दोन्ही गोष्टी खऱ्या होत्या.

अशात तिचे वडील राहायला आले.

त्यांच्या घराला रंग लावायचा होता, आणि रंगाच्या वासानं त्यांचं डोकं चढायचं. एक पिशवी, एक छत्री आणि दाढीचं सामान घेऊन ते दारात उभे राहिले. बाबा म्हणजे निवृत्त बसचालक. सगळी नोकरी शहराच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत गाडी हाकण्यात गेली, त्यामुळे दिवाणखान्यात चालतानाही ते वळणावर दोन्हीकडे बघत.

पहिल्या संध्याकाळी लेकीनं त्यांच्या हातात बाटली दिली. बाबांनी ती दिव्यासमोर धरून पाहिली.

"हे काय गं?"

"जेवण आहे, बाबा. यात सगळं असतं."

"सगळं?"

"सगळं. दिवसभराला जे जे लागतं ते."

बाबांनी एक घोट घेतला, तोंडात घोळवला आणि गिळला. "वाईट नाही," ते म्हणाले. "पण हे पिता पिता माणसानं बोलायचं काय आणि चावायचं काय?"

उरलेली बाटली त्यांनी पेल्यात ओतली, पेला चमच्यासकट ओट्यावर ठेवला आणि विसरून गेले. सकाळी पाहतात तर चमचा पेल्यात ताठ उभा. त्यांनी पेला उलटा केला तरी चमचा हलेना. नवरा दात घासत आला तेव्हा बाबा त्याला गंभीरपणे म्हणाले, "जावईबापू, सिमेंट चांगलं निघालंय. न्हाणीघराची भिंत गळते म्हणत होतात ना?"

नवरा तोंडातल्या फेसासकट हसला आणि त्याला ठसका लागला. या घरात सकाळी कोणी हसल्याला बरेच दिवस झाले होते.

त्या दिवशी संध्याकाळी चवबाई घरी आली तेव्हा टेबल रिकामं होतं. कपडे घड्या होऊन कपाटात, लॅपटॉप खिडकीत, आणि प्लॅस्टिकचा जबडा दिवाणखान्यातल्या फुलदाणीशेजारी आ वासून बसलेला. टेबलावर तीन ताटं मांडलेली. उकडलेले बटाटे, वर मीठ, मिरी आणि लिंबू. शेजारी टोमॅटो चिरलेले. बाबांना एकूण तीन पदार्थ येत, त्यातले हे दोन.

"बाबा, मला अजून काम आहे," ती म्हणाली.

"मग कर की. मी थांबतो."

"तुम्ही जेवून घ्या."

"एकट्यानं माझ्या घशाखाली उतरत नाही."

"मग घरी कसे जेवता?"

"घरी तो शेजारच्या दुकानातला घड्याळजी येतो ना त्याचा डबा घेऊन. तो त्याचं खातो, मी माझं खातो, आणि दोघं मिळून सरकारला शिव्या घालतो."

आता वडिलांना उपाशी कोण ठेवणार? ती धुसफुसत बसली. नवराही बसला. आणि मग तिला कळलं की आपण कशात सापडलो आहोत, कारण बाबांइतकं सावकाश जेवणारा माणूस तिनं उभ्या आयुष्यात पाहिला नव्हता. ते बटाट्याचा एक तुकडा घेत, त्याच्याकडे ओळखीचं कोणी भेटल्यासारखं बघत, तोंडात टाकत आणि चावतच राहत. मध्येच चावणं थांबवून काहीतरी सांगत. मग पुन्हा सुरू. तिचं ताट केव्हाच साफ झालं होतं. उठणं बरं दिसेना, म्हणून तिनं आणखी एक बटाटा घेतला, मग आणखी एक. टेबलाखाली तिचा पाय सारखा हलत होता.

"बाबा, तुम्ही पूर्वी असे नव्हता," शेवटी ती वैतागून म्हणाली.

"पूर्वी मी जेवतच नव्हतो," बाबा म्हणाले. "गाडी शेवटच्या थांब्याला लागली की पाच मिनिटं. त्यात लघवीला जायचं, चाकं बघायची आणि डबा संपवायचा. गाडी उशिरानं पोचली तर तेही नाही. मग सिग्नलला एका हातानं बिस्किटं. आमच्या वेळचं खाणं फार सकस होतं असं कोणी सांगायला लागलं तर त्याला माझ्याकडे पाठव. अर्धी नोकरी मी बिस्किटांवर आणि आम्लपित्ताच्या गोळ्यांवर काढली. निरोपाच्या दिवशी हार घालून घेतला आणि मनाशी म्हटलं, आता घाई बंद. आता जेवणार."

"तुमच्या लेकीचे दात मी बघतो ना बाबा," नवरा म्हणाला, "नवे कोरे! वापरच नाही त्यांना. धंद्याच्या दृष्टीनं मला ही बायको परवडत नाही."

तिला हसू फुटलं. ते दाबायचा तिनं फार प्रयत्न केला, पण जमला नाही.

असं रोज सुरू झालं. सकाळी बाटली असायचीच, ती सुटली नाही आणि कोणी सोडायला सांगितलीही नाही. "घाईच्या वेळी बरी आहे की," असं खुद्द बाबाच म्हणत. संध्याकाळी मात्र टेबल. बाबा भाजी आणायला जायचे आणि भाजीवालीच्या सासूच्या दुखण्यासकट सगळ्या बातम्या घेऊन यायचे. कधी मटाराच्या शेंगा आणत आणि तिघांना सोलायला बसवत. नवरा दात उपटायच्या सराईतपणानं दाणे काढायचा, आणि त्यातले निम्मे सोफ्याखाली जायचे. फोन तिथे कोणी बंदी घालून बंद केले नव्हते. हात मटारात अडकलेले असले की फोन उचलता येत नाही, एवढी साधी गोष्ट होती.

एका संध्याकाळी असंच बाबांचं निवांत चावणं चाललं होतं. आणि चवबाईच्या तोंडून एकदम निघून गेलं, "मला चव लागत नाही."

बाबांनी चावणं थांबवलं. "बटाटे अळणी झालेत?"

"बटाटे नाही हो. मलाच काही लागत नाही. दोनदा चुकले मी. तिसऱ्यांदा चुकले की काढणार मला." आणि ती रडायला लागली. चांगली हमसून हमसून रडली.

नवऱ्याचा चेहरा पडला. "एवढं झालं आणि मला सांगितलं नाहीस?"

"कधी सांगणार होते?" ती डोळे पुसत म्हणाली. "तू बाटली हलवत असतोस, मी बाटली हलवत असते. त्या खळखळाटात काय सांगू?"

नवऱ्यानं खुर्ची सरकवली आणि तिच्या शेजारी येऊन बसला. तिला फार बरं वाटलं. चव गेली ती गेली, पण निदान ते आता तिच्या एकटीच्या डोक्यावर नव्हतं.

बाबा म्हणाले, "माझीही जायची. सणकून काम असलं की तोंडाला काही कळायचंच नाही, मीठ आहे का साखर. रजेवर गेलो की दोन-चार दिवसांनी परत यायची. एकदा तर रजेच्या शेवटच्या दिवशी आली, काय राग आला होता मला!" आणि त्यांनी पुढचा तुकडा तोंडात टाकला.

तिसऱ्या परीक्षेच्या आठवड्यात बाबांनी पुन्हा बटाटेच केले. चवबाई दिवसभराची कटकट सांगत होती, नवरा एका पेशंटची नक्कल करत होता, बाबा हसता हसता चावत होते. बोलता बोलता तिनं एक घास घेतला, दुसरा घेतला, आणि हात हवेतच थांबला.

"हे दोन वेगळे बटाटे आहेत," ती म्हणाली.

"बटाटा म्हणजे बटाटा," नवरा म्हणाला.

"नाही. हा जुना आहे, थोडा गोडसर. आणि हा मातीतून आत्ता काढल्यासारखा आहे. बाबा, तुम्ही दोन ठिकाणचे बटाटे एकत्र केलेत?"

बाबांचा घास तोंडातच राहिला. "कमी पडले होते. तुमच्या शेजारीणबाईंकडून चार मागून आणले. चोरी पकडल्यासारखं काय बघतेस?"

चवबाई खुर्चीवरून उठली आणि तिनं वडिलांच्या टकलाचा मुका घेतला. मग नवऱ्याच्या ताटातला टोमॅटो उचलला, खाल्ला, आणि ओरडली, "आंबट! काय मस्त आंबट आहे!" त्या टोमॅटोला असं कोणी कधी म्हटलं नसेल. बाबांनी अख्खं भांडं तिच्यापुढे सरकवलं, नवऱ्यानं स्वयंपाकघरातून मिळेल ते आणून ओळखायला लावलं, आणि तिघांनी मिळून एवढा गोंधळ घातला की शेजारीणबाई आपल्या बटाट्यांचं काही झालं की काय ते बघायला आल्या.

पण घरचा बटाटा वेगळा आणि लाल दिव्याखालचा पेला वेगळा. हे परीक्षेच्या सकाळी कप्प्यात बसताना तिला पक्कं ठाऊक होतं.

नवीन माल महत्त्वाचा होता. पावडरमध्ये गोडीसाठी घालायचा पदार्थ कंपनी बदलणार होती आणि तो बदल गिऱ्हाइकाला जाणवेल का, हे टोळीनं सांगायचं होतं. झडप उघडली, ट्रे आत आला, झडप बंद झाली. तिनं कोमट पाण्यानं चूळ भरली आणि पहिला पेला उचलला.

चव लागली! दुधाळ, थोडी पिठूळ, मागून येणारी गोडी, अगदी शेवटी जिभेच्या कडेला किंचित खारट. सगळं स्वच्छ लागत होतं. तिनं दुसरा पेला घेतला. दुधाळ, पिठूळ, गोडी, खारट. तिसरा घेतला. दुधाळ, पिठूळ, गोडी, खारट.

ती चरकली. पुन्हा चूळ, पुन्हा पहिला, पुन्हा तिसरा, पुन्हा मधला. कणाचाही फरक नाही. दोनच गोष्टी शक्य होत्या. एक तर जीभ अजून अर्धवटच परतली आहे आणि नेमका फरक तिच्या हातून निसटतो आहे. नाही तर तीनही पेल्यांत एकच माल आहे, आणि ते तर होऊच शकत नव्हतं. समोर तीन बटणं. डोळे मिटून एक दाबलं तरी तीनात एक वेळा लागायची शक्यता होती. नियमच तसं सांगत होता. नोकरीत इतकी वर्षं काढलेल्या कोणालाही तिनं हाच सल्ला दिला असता की बाई, दाब आणि सूट.

तिनं बोट पहिल्या बटणावर ठेवलं. आणि तिला स्वतःचाच राग आला. चव लागत नव्हती तेव्हा अंदाज केला, ते ठीक. पण आता लागते आहे, इतक्या दिवसांनी इतकी लख्ख लागते आहे, आणि आताही अंदाजच करायचा असेल तर ही जीभ हवी कशाला? तक्रार विभाग तर तक्रार विभाग. तिनं बोट उचललं आणि झडपेवर टकटक केलं.

आजवर झडपेवर आतून कोणी टकटक केलं नव्हतं. पलीकडे काहीतरी धडपडलं. मग झडप उघडली आणि मॅडमचा चेहरा दिसला.

"काय झालं?"

"तिन्ही सारखेच आहेत, मॅडम."

"एक बटण दाबा. नियम माहीत आहे ना?"

"माहीत आहे. पण वेगळा पेला यात नाहीच, तर दाबू कुठलं?"

"चवबाई," मॅडम आवाज खाली आणत म्हणाल्या, "ही तुमची तिसरी वेळ आहे. तुम्हाला फरक कळत नसेल तर..."

"कळत नाही असं मी म्हणतच नाही. फरक नाही, असं म्हणते आहे." तिनं ट्रे झडपेकडे सरकवला. "वाटल्यास लिहून टाका की मी नापास."

मॅडमनी तिच्याकडे पाहिलं आणि झडप लावून घेतली.

बाहेरच्या खोलीत बाकीची टोळी जमली होती. मिशीवाले काका खुशीत होते. "आजचा सोपा होता. एक पेला सरळ सरळ जास्त गोड."

"गोड?" हिशेबविभागातली बाई म्हणाली. तीही टोळीत होती. "करपट होता तो! दूध लागल्यासारखा."

"करपट कसला? काहीतरीच! गोडच होता. माझी जीभ मला फसवत नाही."

"मग तुमच्या मिशीनं फसवलं असेल."

दोघांची चांगलीच जुंपली. चवबाई कोपऱ्यात गप्प बसून होती. एकाला गोड, एकीला करपट, आणि आपल्याला काहीच नाही, हे ऐकून तिचा उरलासुरला धीर खचला. तक्रार विभागातल्या खुर्चीला पाठ टेकायला उशी न्यावी लागेल, इथपर्यंत तिचे विचार पोचले.

तेवढ्यात मॅडम बाहेर आल्या. त्यांच्यामागून ढवळ्या, कानाच्या पाळ्यांपर्यंत लाल झालेला.

"उत्तरं बघितली," मॅडम म्हणाल्या. "सगळ्यांची वेगवेगळी. अगदी फासे टाकल्यासारखी. म्हणून यांना विचारलं." त्या ढवळ्याकडे वळल्या. "सांगा तुम्हीच."

ढवळ्यानं घसा खाकरला. "माझ्या वागण्यावरून कोणाला काही कळू नये म्हणून मी दोन्ही पातेल्यांवरची नावं झाकून ठेवतो. म्हणजे कुठलं जुनं आणि कुठलं नवं, ते माझं मलाही कळू नये. मग झाकणं बदलतो. मग पातेल्यांच्या जागा बदलतो. आज जरा जास्तच काळजी घेतली." तो थांबला. "इतकी, की पेल्यांत ओतायचे दोन्ही जग एकाच पातेल्यातून भरले. दुसऱ्या पातेल्याचं झाकण अजून उघडलेलंच नाही."

मग मिशीवाले काका मिशी खाजवत म्हणाले, "तरीच मला वाटलं, गोडी काही फार नव्हती," आणि हिशेबवाली बाई इतकी हसली की तिला खाली बसावं लागलं. ढवळ्याही हसला, बिचारा. चवबाईला मात्र हसायचं भान नव्हतं. तिची जीभ खरं बोलली होती आणि तिनं जिभेची बाजू सोडली नव्हती. हा आनंद कुठे ठेवावा ते तिला कळेना.

मॅडमनी लगेच सगळ्यांना पुन्हा कप्प्यांत पाठवलं. या वेळी ढवळ्याच्या दोन्ही बाजूंना दोन माणसं उभी केली. झडप उघडली, ट्रे आला. पहिला पेला: दुधाळ, पिठूळ, गोडी, खारट. दुसरा: तसाच. तिसरा जिभेवर टेकला मात्र, गोडी आधी धावत आली आणि मागे धातूसारखं काहीतरी रेंगाळलं. चवबाईनं बटण दाबलं ते इतक्या जोरात की पलीकडे ऐकू गेलं.

मिशीवाल्या काकांनाही या वेळी तोच पेला सापडला आणि त्यांनी ते सगळ्यांना वारंवार सांगितलं. गोडीचा बदल जाणवतो असं ठरलं आणि जुनाच पदार्थ ठेवायचा निर्णय झाला. चवबाईचं नाव टोळीत कायम राहिलं.

सुटायच्या वेळी मॅडमनी तिला आपल्या खोलीत बोलावलं. टेबलावर त्यांची स्वतःची पावडरची बाटली होती, अर्धी प्यालेली, वर साय धरलेली.

"बसा," त्या म्हणाल्या. "मला एक सांगा. गेल्या वेळी तुम्हाला काहीच लागत नव्हतं. आज अख्ख्या टोळीत तुम्ही एकट्या बरोबर होतात. मधल्या काळात काय सुरू केलंत? गोळ्या? इंजेक्शनं?"

"नाही, मॅडम. वडील राहायला आलेत."

आपण नीट ऐकलं नाही असं मॅडमना वाटलं. "वडील?"

"हो. त्यांना एकट्यानं जेवण जात नाही. म्हणून रोज संध्याकाळी आम्ही तिघं टेबलाशी बसतो. जेवतो. ते फार हळू जेवतात." एवढंच सांगून तिला अपुरं वाटलं, पण सांगण्यासारखं आणखी काही नव्हतंही. "बटाटे असतात बहुतेक."

मॅडमनी बाटली उचलली, पुन्हा खाली ठेवली. मग म्हणाल्या, "माझी आई इथून दोन थांब्यांवर राहते. मी तिला फोन करते रोज. न चुकता करते. तिला लागतं ते सगळं पाठवते."

चवबाई उठली, दारापर्यंत गेली आणि वळून म्हणाली, "त्यांना एकट्यानं जेवण जातं का, मॅडम?"

उत्तराची वाट न बघता ती बाहेर पडली. जिना उतरताना तिला मागून मॅडमचा आवाज ऐकू आला, कंपनीत कोणी कधी ऐकला नसेल असा, शाळेतून परतलेल्या मुलीसारखा.

"आई? काही नाही गं, सहजच. ऐक ना, तू जेवलीस का? ... नाही ना? मग थांब. जेवू नकोस. मी येते आहे."